भाताच्या बियांचे अंकुरण आणि तापमान

भात (शास्त्रीय नाव: ओरायझा सटायव्हा) या पिकाच्या बियांचे अंकुरण तापमानावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. साधारणपणे ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमानाला ते सर्वांत जलद होते. तापमान १० अंशांपर्यंत उतरल्यावर ते जवळजवळ थांबते आणि ४० ते ४५ अंशांच्या पुढे भिजलेले बी मरू लागते. या मर्यादा जातीनुसार काही अंशांनी मागेपुढे होतात. त्यांच्यामागे पेशीतील तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरील घडामोडी असतात: पेशीपटलांची भौतिक स्थिती, विकरांचा (एन्झाइमांचा) वेग आणि दोन परस्परविरोधी संप्रेरकांमधील तोल. भाताच्या बियात तापमान मोजणारा एकच एक ‘तापमापक’ रेणू आढळलेला नाही. बियाच्या अवस्थेनुसार त्याच तापमानाचा परिणामही बदलतो. कोरड्या बियाला काही दिवस दिलेली ५० अंशांची उष्णता त्याची सुप्तावस्था मोडते, तर भिजून फुगलेल्या बियाला तेवढीच उष्णता मारक ठरते.

या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. रोपांची लावणी न करता थेट पेरणी करायची असेल, तर गार मातीतही लवकर आणि एकसारखे उगवणारे बी लागते. उलट कापणीच्या वेळी पाऊस आला, तर शेतात उभ्या असलेल्या लोंबीतच दाण्यांना मोड येऊ नयेत, अशीही अपेक्षा असते. या दोन्ही गरजा बऱ्याच अंशी त्याच रेणवीय यंत्रणेशी निगडित असल्यामुळे त्यांचा मेळ घालणे अवघड जाते.

बियाची रचना आणि अंकुरणाचे टप्पे

भाताच्या दाण्यावर तुसाचे आवरण असते. त्याच्या आत दाण्याचा बहुतांश भाग पुष्काने म्हणजे पिष्टमय अन्नसाठ्याने व्यापलेला असतो. एका टोकाला लहानसा गर्भ असतो. गर्भ आणि पुष्क यांच्या मध्ये वरूथिका ही ढालीसारखी दलिका असते व पुष्काच्या कडेने ॲल्युरोन हा जिवंत पेशींचा पातळ थर असतो. पुष्काच्या मुख्य भागातील पेशी पक्व दाण्यात मृत असतात. त्यामुळे तापमानाला मिळणारा जिवंत प्रतिसाद गर्भ, वरूथिका आणि ॲल्युरोन थर एवढ्यांपुरता मर्यादित असतो.

अंकुरणाचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात बी भराभर पाणी शोषते. ही क्रिया मुख्यतः भौतिक असून मेलेले बीसुद्धा पाणी शोषते. दुसऱ्या टप्प्यात वजन फारसे वाढत नाही. मात्र याच काळात श्वसन सुरू होते, तुटलेला डीएनए दुरुस्त होतो, तंतुकणिका कार्यक्षम होतात आणि नवी प्रथिने तयार होऊ लागतात. तिसऱ्या टप्प्यात कोंब व मूळ आवरण फोडून बाहेर येतात आणि पाण्याचे शोषण पुन्हा वाढते. ऑक्सिजन भरपूर असल्यास आधी मूळ बाहेर येते. बी पाण्याखाली असल्यास कोलिऑप्टाइल हे कोंबाचे आवरण आधी वाढते.

पहिल्या टप्प्यावर तापमानाचा परिणाम तुलनेने कमी असतो. गार पाण्यातही बी फुगते, फक्त थोडे सावकाश. खरा फरक दुसऱ्या टप्प्यात पडतो. थंडीत हा टप्पा कित्येक दिवस लांबतो आणि त्या काळात बी बुरशी व कुजणे यांना बळी पडण्याचा धोका वाढतो. शेतातील ‘उगवण झाली नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा बियाचा दोष नसून हा लांबलेला टप्पा असतो.

सुप्त पण सज्ज असलेले बी

पक्व, कोरड्या दाण्यात पाण्याचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते. एवढ्या कमी पाण्यात पेशीरस काचेसारखा घट्ट होतो आणि रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते. शर्करा आणि ‘एलईए’ गटातील प्रथिने पटलांना व इतर प्रथिनांना या अवस्थेत सांभाळतात. अशा बियात हजारो प्रकारचे संदेशक आरएनए आधीच साठवलेले असतात. पाणी मिळताच पहिली प्रथिने या जुन्या संदेशांवरूनच तयार होतात. नवे प्रतिलेखन त्यानंतर वेग घेते. म्हणजे दाणा आईच्या रोपावर पिकत असताना जे तापमान होते, त्याची छाप या साठ्यावर उमटलेली असते.

काचेसारख्या या स्थितीमुळेच कोरडे बी उष्णता सहन करते. जपानमध्ये बियाण्यावरील रोगजंतू मारण्यासाठी कोरडे भात ६० अंश तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे बुडवून लगेच गार करण्याची पद्धत रूढ आहे. एवढ्या अल्प काळात पाणी दाण्याच्या आत फारसे शिरत नाही आणि गर्भ वाचतो. आधी भिजवलेल्या बियावर हाच प्रयोग केल्यास गर्भ मरतो.

पेशीपटले आणि गारवा

पेशीपटल मेदाम्लयुक्त फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थराचे बनलेले असते. तापमान उतरले की संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पटल प्रवाही न राहता ताठर होते. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळ्यांत वाकण असल्यामुळे त्या इतक्या घट्ट बसत नाहीत. म्हणून असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असलेली पटले गारव्यातही प्रवाही राहतात.

कोरड्या बियातील पटले आधीच विस्कळीत असतात. पाणी शिरताना ती पुन्हा नीट रचली जावी लागतात. हे घडत असताना पाणी फार गार असेल, तर रचना अपुरी राहते आणि शर्करा, अमिनो आम्ले व क्षार बाहेर पाझरतात. याला शोषणकालीन शीतइजा म्हणता येईल. जपानमधील शेतकऱ्यांना बी भिजवताना पहिल्या दिवशीचे पाणी फार गार नसावे असा सल्ला दिला जातो, त्याचा आधार हाच आहे. पाझरलेले अन्न बुरशीला उपयोगी पडते, ही इजेची दुसरी बाजू.

तंतुकणिकांच्या पटलांत असाच ताठरपणा आला, तर इलेक्ट्रॉन वहनाची साखळी अडखळते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे वाढतात. ही संयुगे थोड्या प्रमाणात अंकुरणाला मदत करतात, कारण ती गर्भावरील आवरणांच्या पेशीभित्तिका सैल करतात व सुप्तावस्था मोडणाऱ्या संकेतांत भाग घेतात. प्रमाण वाढले की मात्र तीच प्रथिने व मेद यांची नासाडी करतात. कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही विकरे त्यांना आटोक्यात ठेवतात. गारवा सोसणाऱ्या जातींत ही व्यवस्था अधिक तत्पर असल्याचे अनेक प्रयोगांत दिसते.

दोन संप्रेरके

बियाने सुप्त राहावे की उगवावे, याचा निर्णय मुख्यतः ॲबसिसिक आम्ल आणि जिबरेलिन यांच्या तोलावर ठरतो. ॲबसिसिक आम्ल अंकुरण रोखते, जिबरेलिन ते पुढे नेते. जिबरेलिनचा शोधच भातामुळे लागला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. भाताची रोपे अवाजवी उंच व पिवळट करणाऱ्या बाकानाए या रोगाचा अभ्यास करताना जपानी रोगशास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानमध्ये दाखवून दिले की, बुरशीने स्रवलेला पदार्थच ही वाढ घडवतो. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्याला जिबरेलिन हे नाव दिले.

जिबरेलिनचा ग्राही असलेले प्रथिन जीआयडी१ हेही प्रथम भातातच ओळखले गेले. नागोया विद्यापीठातील माकोतो मात्सुओका यांच्या गटाने २००५ मध्ये ते प्रसिद्ध केले. जिबरेलिन नसताना एसएलआर१ हे डेला गटातील प्रथिन वाढीच्या जनुकांना दाबून ठेवते. जिबरेलिन जीआयडी१ला जोडले गेले की ही जोडी एसएलआर१ला पकडते, जीआयडी२ या प्रथिनाच्या साहाय्याने त्यावर नाशाची खूण लागते आणि पेशीतील प्रोटिओसोम त्याचे तुकडे करते. अडसर दूर होताच जीएमवायबी हे नियंत्रक प्रथिन तयार होते व ते अल्फा-अमायलेज या विकराचे जनुक चालू करते. वरूथिका आणि ॲल्युरोन थर यांतून स्रवलेले हे विकर पुष्कातील पिष्टाचे विघटन करते आणि त्यातून मिळणारी शर्करा गर्भाला पोहोचते.

ॲबसिसिक आम्लाची साखळी याच्या समांतर चालते. हे आम्ल पीवायएल गटातील ग्राहीला जोडले गेले की तो ग्राही पीपी२सी या फॉस्फेटेजांना जखडतो. त्यामुळे एसएनआरके२ गटातील कायनेजे मोकळी होतात आणि एबीआय५सारख्या नियंत्रक प्रथिनांना कार्यरत करतात. परिणामी अंकुरण रोखणारी जनुके चालू राहतात. बियात हे आम्ल किती आहे, हे दोन क्रियांवर ठरते: एनसीईडी जनुकांची विकरे ते तयार करतात आणि एबीए८ओएक्स जनुकांची विकरे त्याचा नाश करतात.

तापमान नेमके येथे हस्तक्षेप करते. अनुकूल उबेत भिजलेल्या बियातील ॲबसिसिक आम्ल झपाट्याने घटते. गारव्यात ही घट मंदावते आणि जिबरेलिनची निर्मितीही उशिरा वाढते, त्यामुळे तोल बराच काळ रोखण्याच्या बाजूला झुकलेला राहतो. येथे ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या वनस्पतीशी तुलना बोधप्रद आहे. तिच्या भिजलेल्या बियांना सुमारे ४ अंशांचा गारवा दिल्यास जिबरेलिन वाढते व सुप्तावस्था मोडते. थंडी सरल्यानंतर उगवण्याची ही सोय आहे. उष्ण प्रदेशातल्या भाताची रीत उलटी आहे. त्याची सुप्तावस्था मोडते ती कोरड्या साठवणुकीने किंवा उष्णतेने, गारव्याने नव्हे. ॲराबिडॉप्सिसवरील निष्कर्ष जसेच्या तसे भाताला लावण्यात धोका आहे, तो यामुळेच.

गारवा ओळखणारी जोडी

तापमान आणि ॲबसिसिक आम्ल यांना जोडणारा एक दुवा २०२२ मध्ये चीनमधील संशोधकांनी दाखवला. एसडी६ आणि आयसीई२ ही दोन नियंत्रक प्रथिने एकाच जनुकाच्या नियंत्रणक्षेत्रावर परस्परविरोधी काम करतात. हे जनुक म्हणजे ॲबसिसिक आम्लाचा नाश करणारे एबीए८ओएक्स३. एसडी६ त्याला चालना देते, आयसीई२ त्याला दाबते. शिवाय बीएचएलएच०४८ या तिसऱ्या प्रथिनामार्फत ही जोडी एनसीईडी२ या निर्मितीच्या जनुकावरही अप्रत्यक्ष प्रभाव टाकते. सामान्य उबेत एसडी६चा वरचष्मा असतो, आम्ल घटते आणि बी उगवते. तापमान उतरले की आयसीई२ वरचढ होते, आम्ल टिकते आणि बी सुप्त राहते.

आयसीई२ हे ज्या कुळातील प्रथिन आहे, ते कूळ वाढत्या रोपाच्या शीतप्रतिसादाशी निगडित म्हणून आधीपासून परिचित होते. रोपाला थंडीपासून वाचवण्यास मदत करणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग बियाला निजवून ठेवण्याच्या कामी आलेला दिसतो. एसडी६ जनुकात संपादन केल्यावर लोंबीत मोड येण्याची खोड असलेल्या भाताच्या जातींत ती शेतातही कमी झाली, असे याच संशोधनात आढळले. गव्हातील समतुल्य जनुकावरही तसाच परिणाम मिळाला.

थंडीत उगवणाऱ्या जाती

इंडिका जातींच्या तुलनेत जॅपोनिका जाती सामान्यतः गारव्यात बऱ्या उगवतात. त्यांची तुलना करण्यासाठी प्रयोगशाळेत बहुधा १५ अंश तापमान वापरले जाते. या गुणामागे अनेक जनुके आहेत. त्यांपैकी सर्वाधिक तपशिलाने अभ्यासलेले जनुक म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावरील क्यूएलटीजी३-१.

इटालिका लिव्होर्नो ही इटालियन जात गार पाण्यात झपाट्याने उगवते. उत्तर इटलीत थंड वसंतऋतूत पाण्यात थेट पेरणी होते, हे लक्षात घेता तिच्यातील या गुणाचे नवल वाटत नाही. केंजी फुजिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा जपानच्या होक्काइदो बेटावरील हायामासारी या जातीशी संकर केला आणि २००८ मध्ये जबाबदार जनुक वेगळे केले. हायामासारीतील या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला असल्याने ते निष्क्रिय आहे. इटालियन जातीत ते कार्यरत आहे.

हे जनुक काय करते, याचे उत्तर काहीसे अनपेक्षित होते. ते शीतइजेपासून थेट संरक्षण देत नाही. अंकुरणाच्या वेळी ते गर्भावरील आवरणांच्या पेशींत, म्हणजे कोलिऑप्टाइलला झाकणाऱ्या ऊतीत व ॲल्युरोन थरात, चालू होते. तेथील पेशींत रिक्तिका वाढतात, ऊती कमकुवत होतात आणि कोंबाला होणारा यांत्रिक विरोध घटतो. गारव्यात कोंबाचा जोर आधीच कमी असतो; अशा वेळी दार सैल असणे निर्णायक ठरते. अंकुरणाची मर्यादा नेहमी रासायनिक विकरांच्या वेगानेच ठरते, या समजुतीला या उदाहरणाने छेद दिला.

गार तापमानातील अंकुरणाशी संबंधित आणखी एक जनुक, ओएसएसएपी१६, हे जस्त-अंगुली प्रकारचे प्रथिन तयार करते. ते अधिक व्यक्त होणाऱ्या जाती गारव्यात चांगल्या उगवतात. २०१५ मध्ये वर्णन झालेले कोल्ड१ हे जनुक मात्र रोपावस्थेतील थंडीशी संबंधित आहे. ते पेशीपटलावर जी-प्रथिनाबरोबर काम करते आणि कॅल्शियमचा संकेत सुरू करण्यास मदत करते. बियाचे अंकुरण आणि रोपाची शीतसहनशीलता हे दोन गुण वेगळे आहेत. एकासाठी निवडलेली जात दुसऱ्यात कमी पडू शकते.

उष्णतेची बाजू

तापमान अनुकूल मर्यादेच्या वर गेले की सुरुवातीला अंकुरणाचा वेग टिकून राहतो, पण उगवणाऱ्या बियांचे एकूण प्रमाण घटते. प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. यावर उष्माघात प्रथिने हा बियाचा पहिला उपाय असतो. त्यांपैकी लहान आकाराची प्रथिने गुठळ्या होऊ देत नाहीत आणि एचएसपी१०१ झालेल्या गुठळ्या सोडवते. पक्व होतानाच बियात या प्रथिनांचा काही साठा जमलेला असतो. सॅलड पत्त्याच्या आणि ॲराबिडॉप्सिसच्या बियांत उष्णतेमुळे एनसीईडी जनुके पुन्हा चालू होऊन अंकुरण थांबते, हे नीट सिद्ध झाले आहे. उष्ण प्रदेशात घडलेल्या भातात ही मर्यादा त्यांच्यापेक्षा बरीच वर आहे.

दाणा भरण्याच्या काळातील उष्णतेचा परिणाम निराळा असतो. या काळात तापमान जास्त राहिल्यास पुष्कात अल्फा-अमायलेजची क्रिया वाढते, पिष्टाची बांधणी बिघडते आणि दाणा खडूसारखा पांढरट दिसतो. उगवणीवरही त्याचा परिणाम होतो. जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की, अशा दाण्यांत ॲबसिसिक आम्लाचा नाश करणाऱ्या जनुकाच्या आणि अल्फा-अमायलेजच्या जनुकाच्या नियंत्रणक्षेत्रांवर मिथाइल गट वाढतात. ही जनुके त्यामुळे मंद राहतात आणि बी उशिरा उगवते. म्हणजे एका हंगामातील उन्हाळ्याची नोंद डीएनएवरील रासायनिक खुणांच्या रूपाने पुढील पेरणीपर्यंत पोहोचते. तापमानवाढीच्या संदर्भात बियाणे उत्पादकांसाठी ही बाब तांदळाच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे.

अंशदिवसांचे गणित

अंकुरणाचा काळ आणि तापमान यांचा संबंध एका सोप्या सूत्राने मांडता येतो: तापमानातून आधार तापमान वजा करून उरलेल्या अंशांना काळाने गुणले असता येणारी संख्या बऱ्याच मर्यादेपर्यंत स्थिर राहते. आधार तापमान १० अंश धरले, तर ३० अंशांना दररोज २० आणि १५ अंशांना दररोज फक्त ५ अंशदिवस जमा होतात. म्हणून ३० अंशांना दोन दिवसांत होणारे काम १५ अंशांना सुमारे आठ दिवस घेते. अनुकूल तापमानाच्या वर हे सूत्र लागू पडत नाही, कारण तेथे वेग वाढण्याबरोबर इजाही वाढू लागते.

पारंपरिक पद्धतींत हेच गणित अनुभवाने उतरलेले दिसते. जपानमध्ये दररोजच्या पाण्याच्या तापमानाची बेरीज १०० होईपर्यंत, उदाहरणार्थ १० अंशांना १० दिवस, बी भिजवतात आणि मग ३० ते ३२ अंशांच्या उबेत सुमारे एक दिवस ठेवतात. टोकाशी जेमतेम फुगवटा दिसू लागला की बी पेरणीयोग्य समजतात. या अवस्थेला तेथे कबुतराच्या छातीची उपमा देतात. लांब भिजवण्यामुळे सर्व दाणे दुसऱ्या टप्प्यात एकत्र येतात आणि नंतरच्या उबेत एकदम पुढे सरकतात.

कोकणातील रहू पद्धतीत मोड आलेले बी चिखलणी केलेल्या शेतात फेकून पेरतात. त्यासाठी भात भिजवून, निथळून, गोणपाटात बांधून पेंढ्याखाली दाबून ठेवतात. श्वसनातून निघणारी उष्णता गोणीत साठते आणि बाहेर गारवा असला तरी आत ऊब राहते. मात्र ढीग मोठा असेल आणि तो हलवून पाणी शिंपडले नाही, तर आतील तापमान चाळिशीच्या पुढे जाऊन मधले बी जळते. विदर्भात व कोकणात उन्हाळी भाताची रोपवाटिका डिसेंबर-जानेवारीत टाकतात, तेव्हा रात्रीच्या थंडीमुळे उगवण रेंगाळते. मोड आणून पेरण्याचा उपयोग त्या हंगामात विशेष जाणवतो, कारण दुसरा टप्पा आधीच उबेत पार पडलेला असतो.

सुप्तावस्था आणि निवड

रानटी व तणभाताच्या बियांत सुप्तावस्था खोल असते. शेतीतील निवडीने ती उथळ केली, कारण पेरलेले बी एकाच वेळी उगवणे शेतकऱ्याच्या सोयीचे असते. या बदलाच्या खुणा जनुकांत सापडतात. एसडीआर४ हे सुप्तावस्था टिकवणारे जनुक २०१० मध्ये जपानी संशोधकांनी कासालाथ या इंडिका जातीतून वेगळे केले. जॅपोनिका जातींत त्याचे दुर्बळ रूप आढळते. तांदळाला लाल रंग देणारे आरसी हे जनुकही सुप्तावस्था वाढवते, आणि पांढऱ्या तांदळात ते सहसा निष्क्रिय असते. पांढऱ्या दाण्याची निवड करताना सुप्तावस्थेचा एक आधार त्याबरोबर गेला.

कोकणात हळव्या जाती सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरात कापणीला येतात, तेव्हा परतीचा पाऊस असतो आणि दिवसाचे तापमान अंकुरणाला अनुकूल असते. सुप्तावस्था नसलेल्या जातींच्या आडव्या पडलेल्या लोंब्यांना अशा वेळी शेतातच मोड येतात. सुप्तावस्था फार खोल असलेल्या जातीची अडचण वेगळी असते. खरिपाचे ताजे बी लगेच उन्हाळी हंगामासाठी वापरायचे झाल्यास ते उगवत नाही. बीज परीक्षण प्रयोगशाळांत अशा नमुन्याला ५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत काही दिवस ठेवून मगच उगवणक्षमता तपासतात. पैदासकारांच्या दृष्टीने सोयीची सुप्तावस्था म्हणजे कापणीनंतर काही आठवडे टिकून साठवणुकीत आपोआप ओसरणारी. क्यूएलटीजी३-१सारखी जनुके आवरण सैल करून थंडीत उगवण सुधारतात, तर एसडीआर४ आणि एसडी६-आयसीई२ यांच्या आधारे सुप्तावस्थेची खोली बदलता येते. हे मार्ग काही अंशी स्वतंत्र असल्यामुळे दोन्ही गुण एका जातीत एकत्र आणण्यास वाव राहतो.